ई-सायकल आणि सामान: तुमचे अनुभव लिहा

ई-सायकलवर मुक्कामी भटकंती करणाऱ्यांसाठी हा धागा. सायकल कोणती घ्यावी हा वाद इथे नको. सामान कुठे बांधता, किती बांधता आणि बांधल्यावर काय काय कुरकुरतं, ते लिहा. सुरुवात मीच करते.

माझ्या सायकलला हब मोटर मागच्या चाकात आणि बॅटरी कॅरिअरखाली, म्हणजे सामान चढवण्याआधीच मागचा भाग जड. त्यावर दोन भरलेले पॅनिअर (चाकाच्या दोन्ही बाजूंना टांगायच्या पिशव्या) टांगले की पुढचं चाक हलकं पडतं आणि उतारावर हँडल थरथरायला लागतं. आता तंबू आणि भांडी पुढच्या फोर्कला, चाकाच्या आसाच्या उंचीवर. मागे फक्त कपडे आणि स्लीपिंग बॅग. वळताना हँडल जड लागतं खरं, पण सायकल सरळ रेषेत चालते.

उलटा वारा
सामानाने बॅटरी किती खाल्ली हा प्रश्न हमखास येतो, म्हणून हिशेबच देतो. २० किलो सामान १००० मीटर उंचीवर न्यायला साधारण ५५ वॉट-तास लागतात. मोटरमध्ये वाया जाणारं धरलं तर ७०च्या आसपास. ५०० वॉट-तासांच्या बॅटरीला हे झेपतं. सपाटीवर खरा नडतो तो वारा. बाहेर फुगलेले पॅनिअर तो बरोबर पकडतो, त्यामुळे मी कमी भरतो आणि पट्टे आवळून बारीक करतो.
मात्र हब मोटरवाल्यांनी खड्या चढावर जपून. वेग पायी चालण्याइतका उतरला की वीज चाक फिरवण्यापेक्षा मोटर तापवण्यातच जाते. मी सरळ खाली उतरून ढकलतो. लाज कसली?

तिसरा आरा
मोटरला ओझं कळत नाही, आऱ्यांना कळतं. माझे मागचे आरे तुटतात ते बहुतेक गिअरच्या बाजूचे, आणि ते बदलायचे तर चाक काढावं लागतं. त्यासाठी आधी पॅनिअर उतरवा, मग मोटरच्या वायरीचा जोड शोधा, तिला धरून ठेवणारे प्लास्टिकचे टाय कापा, मग आसाचे नट. माझ्या मोटरला १८चा पाना लागतो. तुमचा मोजून घ्या. सोबत योग्य लांबीचे सुटे आरे आणि नवे टायही ठेवा.

सावकाश
@तिसरा आरा, आणि तो पाना हमखास पॅनिअरच्या तळाशी!
कॅरिअरवर कोरलेला आकडा कुणी वाचतं का? माझ्या कॅरिअरवर २५ किलो लिहिलंय. पण सायकलची एकूण मर्यादा वेगळी असते आणि तिच्यात सायकल, स्वार, सामान सगळं येतं. माझी मर्यादा १३० किलो. सायकल २६, मी ८४. उरले २०. कॅरिअर २५ पेलेल, पण सायकलला २०च चालतात. कॅरिअरचे स्क्रू रोज सकाळी हाताने चाचपते; थरथरीने ते ढिले होतातच.

जिनेवाला
रस्त्यावर सगळं छान, खरी परीक्षा स्टेशनच्या जिन्यात. भरलेली ई-सायकल एकट्याने उचलणं अशक्य. म्हणून माझे पॅनिअर झटकन सुटणारे, आणि बॅटरी फ्रेमच्या खालच्या नळीवर, सामान न हलवता निघणारी. विमानाचा विचार करणाऱ्यांसाठी: प्रवासी विमानात १०० वॉट-तासांपर्यंतची लिथियम बॅटरी चालते, परवानगी काढून १६० पर्यंत. सायकलची बॅटरी त्याच्या कितीतरी वर असते, तेव्हा ती तिकडे गेल्यावर भाड्याने मिळते का बघा.

उलटा वारा
@सावकाश, स्क्रूंना थ्रेडलॉक (आटे ढिले होऊ न देणारा चिकट द्रव) लावा, निळं. लालने पक्के बसतात, मग सुटता सुटत नाहीत.

चिखलगाडा
पॅनिअर मागे सरकवल्यापासून पेडल मारताना त्यांना टाच लागत नाही, पण सायकल उभी करायची पंचाईत. एका पायाचा स्टँड मऊ जमिनीत रुततो. दोन पायांचा कुणी वापरतं का? पुढे पिशव्या असताना हँडल फिरून सायकल आडवी होते का, तेही सांगा.