घरचा ग्रुप : आबांच्या ट्रॅक्टरच्या जागी कुठला?

तात्या : परत क्लच प्लेट गेली. मिस्त्री म्हणतोय, इंजिनकाम धरून लाखाच्या वर जाईल. २२ वर्षं झाली ह्याला. नवा घ्यावा म्हणतो. कुठला घ्यायचा ते सगळ्यांनी इथंच बोला, मागनं कुणी "मला विचारलं न्हाई" म्हणायचं न्हाई. आबांनीच सांगितलंय ग्रुपवर टाक म्हणून.

बापू : ५५ एचपी, फोर व्हील ड्राइव्ह. विषय संपला.

बापू : शेजारच्या वस्तीवर आलाय तसला. पलटी नांगर काय ओढतोय बघा एकदा जाऊन. ३८ एकराला तसलाच पायजे.

ताई : बापू, ३८ एकर सातबाऱ्यावर. त्यातलं १२ एकर डाळिंब. तिथं पलटी घालणार आहेस का?

बापू : ऊस हाय की १० एकर. ज्वारी-तुरीचं १६.

ताई : ऊस दरवर्षी मोडतोस? तोडीनंतर त्याच बुडख्यांवर खोडवा ठेवतोसच ना.

मी : एक लक्षात घ्या. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरला जानेवारी २०२३ पासून धुराचे नवीन नियम आहेत. त्यामुळे इंजिनात इलेक्ट्रॉनिक्स आलं आणि किंमत चढली. बिघडला तर आपला मिस्त्री पाना घेऊन येऊन उपयोग नाही, लॅपटॉपवाला लागतो. म्हणून तर ४९ एचपीच्या आसपास एवढी मॉडेलं दिसतात.

बापू : मग ४९ घ्या. पण मोठा घ्या.

वहिनी : जरा थांबा. डिझेलच्या वहीतनं तास काढून संध्याकाळी टाकते.

तात्या : ही वही अजून लिहितेस व्हय?

वहिनी : तुम्ही नाही लिहीत म्हणून लिहिते.

(संध्याकाळी)

वहिनी : गेल्या मे पासून एप्रिलपर्यंतचे तास. फवारणी आणि बागेतली बाकीची कामं ३१०. रोटर, कुळव, पेरणी, सरी मिळून १४०. ट्रॉली ९५. नांगरट ४२.

वहिनी : बेचाळीस, भावजी.

ताई : 😂😂

बापू : नांगरट तासावर मोजत नसतात वहिनी. घातीवर, म्हणजे जमिनीत नेमकी ओल असताना काम झालं पायजे. भाड्याचा ट्रॅक्टर घातीला येतोय का कधी? ढेकळं निघाल्यावर येतो.

तात्या : हे मात्र बापूचं खरं हाय. गेल्या साली १५ दिवस वाट बघायला लावली.

वहिनी : मान्य. पण नांगरट उन्हाळ्यात असते, चार दिवस मागं-पुढं झालं तर चालतं. डाळिंबावरच्या तेल्या रोगाला चालत नाही. मृगबहाराला पाऊस उघडला की फवारणी त्याच दिवशी व्हायला पाहिजे. गेल्या ऑगस्टमध्ये खालच्या पट्टीत ट्रॅक्टर रुतला, तीन दिवस आत जाता आलं नाही. चौथ्या दिवशी फळांवर डाग. तो माल कुठल्या भावानं गेला ते तुम्हाला माहीत आहे, इथं लिहीत नाही.

तात्या : न्हाई लिहिलंस तेच बरं.

वहिनी : दुसरं म्हणजे रुंदी. आपली लागण १४ बाय १०. दोन्ही बाजूंनी झाडं चार-चार फूट आत आलीत, मधे राहतात सहा फूट. आबांचा ट्रॅक्टर मागनं सहा फुटांचा. प्रत्येक फेरीला मडगार्ड फांद्यांना घासतं. काल एका ओळीत ११ फळं खाली पडलेली मोजली. लिंबाएवढी होती, अजून दोन महिन्यांनी हातात मावली नसती.

मी : हेच मला म्हणायचं होतं. सगळ्यात जास्त तास ज्या कामाला जातात, त्याच्या मापाचा ट्रॅक्टर घ्यायचा. बागेसाठी २४ ते २८ एचपीचा अरुंद, फोर व्हील. महिंद्राचा जिवो २४५ आहे, कुबोटाचा बी २४४१ आहे, दोन्ही २४ एचपीच्या गटात. हलका असतो आणि पुढची चाकंही ओढतात, त्यामुळे चिखल सुकून पुरता वापसा यायच्या आधीच बागेत शिरता येतं. वजन कमी म्हणून मुळांजवळची काळी माती कमी दाबली जाते, हा फायदा कुणी धरतच नाही. उसाच्या पाच फुटी सरीत बांधणीलाही चालतो.

बापू : २४ एचपीला ६०० लिटरचा फवारणीचा ब्लोअर झेपतोय का? भरलेली टाकी, वर चिखल. पुढची चाकं उचलतील.

मी : प्रश्न बरोबर आहे. माहितीपत्रकातला आकडा इंजिनचा असतो, पीटीओला, म्हणजे मागं अवजार फिरवणाऱ्या दांड्याला, त्यापेक्षा कमीच पोचतो आणि ब्लोअर पीटीओवर फिरतो. मध्य प्रदेशात बुदनीला ट्रॅक्टर तपासायची केंद्र सरकारची संस्था आहे. त्यांच्या अहवालात पीटीओची ताकद, डिझेल, लिफ्ट सगळं असतं. शोरूमवाल्याकडं तो अहवाल मागायचा. नाही म्हणाला तर उठून यायचं.

ताई : आणि डेमो आपल्या बागेत. मागच्या खेपेला एका शोरूमवाल्यानं डांबरी रस्त्यावर फिरवून दाखवला होता. रस्त्यावर काय, स्कूटरपण चांगली पळते.

तात्या : पैशाचं बोला.

मी : सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरचा जीएसटी १२ वरनं ५ टक्के झालाय, टायरचापण ५. कोटेशन जुनं आहे का नवं ते बघा. अनुदानाचा अर्ज सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर वहिनींच्या नावानं टाकू, चार एकर त्यांच्या नावावर आहे आणि महिलांना टक्का जास्त असतो. पण पूर्वसंमती यायच्या आधी बिल करायचं नाही. आधी घेतला की अनुदान गेलं.

बापू : म्हणजे पूर्वसंमती येईपर्यंत बसा बोंबलत.

तात्या : तोवर आबांच्या ट्रॅक्टरची नुसती क्लच प्लेट बदलू. इंजिनकाम नको. पुढं रोटर आणि ट्रॉलीला तो राहू दे, ह्या वयात त्याला कोण किती देणार? नांगरट भाड्यानं, पण आगाऊ सांगून. शेजारच्या ५५ वाल्याला बापू बोलेल, त्याला तो ट्रॅक्टर आवडलाच हाय.

बापू : 🙏

वहिनी : आबा म्हणाले, विकणार नसाल तर काय पण घ्या.

तात्या : मंगळवारी डेमो सांगतो. टाकी काठोकाठ भरून, खालच्या पट्टीत. पण पट्टी सुकलीय, चिखल कुठनं आणायचा?

बापू : सोमवारी पाणी सोडतो मी. लाइट रात्री १२ ला हाय, उठावं लागंल.