मदत हवी आहे : बेने इस्रायली थडग्यांवरची हिब्रू सालं

हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ मध्ये लिहिलेला बेने इस्रायलींचा (कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचा) इतिहास छापला गेला थेट १९३७ मध्ये, तेल अवीवला. त्याच्या जोडीला अलिबागकडच्या थडग्यांवरचे लेख वाचायचं काम चालू आहे. हजारांचा आकडा वगळून कोरलेल्या हिब्रू सालात (५६५७ ऐवजी ६५७) १२४० मिळवले की इसवी सन मिळतो (६५७ म्हणजे १८९७). तिश्री (हिब्रू वर्षाचा पहिला महिना, सप्टेंबर-ऑक्टोबर) ते डिसेंबरअखेरची तारीख असेल तर १२३९. साल आकड्यांऐवजी हिब्रू अक्षरांत कोरलेलं असतं, आणि अडतं ते या अक्षरांवर. खाचेत शेवाळ भरलं की ‘हे’ (५) आणि ‘खेत’ (८) सारखीच दिसतात, म्हणजे तीन वर्षांचा घोळ! शेजारी शक असेल तर ७८ मिळवून ताळा होतो. जिथे शकही नाही आणि वारही नाही, तिथे कसं ठरवायचं? दगड घासायचा नाही, खडूही लावायचा नाही. तिरप्या उजेडातले फोटो आहेत. हिब्रू कोरीव अक्षरं वाचणारं कुणी आहे का?