‘शेअर्ड स्टोरेज’: सामायिक की वाटून दिलेले?

(पुण्यातल्या चौघांची चर्चा, बोलणाऱ्याच्या नावाऐवजी त्याचा भाग दिला आहे.)

औंध
सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठीच्या मराठी पुस्तिकेतले एक वाक्य अडले आहे. एका कपाटात 12 ड्राइव्ह आहेत आणि आभासीकरणाच्या थरातून, म्हणजे खऱ्या ड्राइव्हऐवजी मानलेल्या डिस्क दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, ते 8 सर्व्हरना ‘शेअर’ केले आहेत. इथे ‘सामायिक केले’ लिहावे की ‘वाटून दिले’? ‘स्टोरेज पूल’ची, म्हणजे सगळ्या ड्राइव्हच्या एकत्रित साठ्याच्या नावाचीही पंचाईत आहे. ‘पूल भरत आला’ असे लिहिले तर पुण्यातला वाचक आधी मुठेवरचा पूलच डोळ्यांपुढे आणेल.

नारायण पेठ
जमिनीच्या कागदपत्रांत हा फरक फार पूर्वीपासून पक्का आहे. मिळकत सामायिक असते तेव्हा प्रत्येक इंचावर सगळ्यांचा हक्क असतो, अमुक कोपरा अमक्याचा असे दाखवता येत नाही. वाटणी झाली की ज्याचा त्याचा पोटहिस्सा ठरतो आणि दुसऱ्याने तिथे पाय ठेवायचा नसतो. इंग्रजी ‘शेअर’ या दोन्हींना चालतो, मराठीत चालत नाही. म्हणून आधी विचारावे: एकाच ब्लॉकवर (डिस्कवरच्या जागेच्या छोट्या तुकड्यावर) दोन सर्व्हर लिहू शकतात का? लिहू शकत असतील तर सामायिक, नाहीतर वाटणी.

हिंजवडी
हीच कसोटी बरोबर आहे, आणि तिने पाहिले तर तुमच्या वाक्यात वाटणी आहे. ड्राइव्ह 4 टेराबाइटचे धरा. 1 राखीव ठेवला, उरलेल्या 11 चा रेड-6 गट (कोणतेही दोन ड्राइव्ह बिघडले तरी माहिती टिकते अशी मांडणी) केला, त्यातली 2 ड्राइव्हइतकी जागा पॅरिटीला, म्हणजे गेलेली माहिती पुन्हा काढण्याच्या हिशोबाला गेली. हाती राहिले 36 टेराबाइट. बऱ्याच सर्व्हरच्या पडद्यावर हा आकडा 32.7 दिसतो, कारण तिथे 1024 च्या पटीने मोजतात. पुस्तिकेत दोन्हीकडे नुसते ‘टेराबाइट’ छापले तर वाचणारा हरवलेले 3 टेराबाइट शोधत बसेल.

या साठ्यातून लन (LUN) नावाचे तुकडे कापून काढतात आणि प्रत्येक लन एकेका सर्व्हरच्या नावावर लावतात. जोडणी फायबर चॅनलची असेल तर सर्व्हरच्या कार्डाचा डब्ल्यूडब्ल्यूपीएन हा ओळखक्रमांक नोंदवायचा, नेहमीच्या नेटवर्कवरून आयस्कझीची असेल तर आयक्यूएन हे ओळखनाव. लन म्हणजे खरे तर नुसता क्रमांक, पण बोलताना तुकड्यालाच लन म्हणतात. सातबाऱ्यावरच्या गट नंबराचे असेच झाले आहे. कोणता लन कोणत्या सर्व्हरला दिसावा ही नोंद म्हणजे मास्किंग, ती स्टोरेजच्या कंट्रोलरवर होते. झोनिंग, म्हणजे कोणत्या सर्व्हरने कोणत्या स्टोरेजशी बोलावे हे ठरवणे, वेगळे, ते मधल्या स्विचवर होते. दोन्हींना एकच मराठी शब्द देऊ नका. नुसते झोनिंग करून मास्किंग राहिले तर नव्या सर्व्हरला शेजाऱ्याचा लन कोऱ्या डिस्कसारखा दिसू शकतो, आणि इन्स्टॉल करणारा तो फॉरमॅट करून मोकळा होतो.

खरे सामायिक तेव्हा, जेव्हा एकच लन मुद्दाम दोन-तीन सर्व्हरना दाखवतात. तिथे ओसीएफएस2, जीएफएस2 किंवा व्हीएमएफएस अशी, अनेक सर्व्हरनी एकाच वेळी वापरण्याजोगी फाइल सिस्टम लागते. ईएक्सटी4 किंवा एक्सएफएस ही एकाच सर्व्हरसाठीची फाइल सिस्टम दोन ठिकाणी माउंट केली (जोडून वापरात घेतली) की ती बिघडणारच. कोणते ब्लॉक मोकळे आहेत याची यादी प्रत्येक सर्व्हर आपापल्या मेमरीत धरून बसतो, दोघेही तोच ब्लॉक मोकळा समजून त्यावर लिहितात. ‘दुसरीकडे फक्त वाचण्यापुरते माउंट केले आहे’ हीसुद्धा पळवाट नाही. जर्नल (होऊ घातलेल्या बदलांची नोंदवही) अर्धवट दिसले तर ईएक्सटी4 वाचण्यापुरत्या माउंटमध्येही ते पुरे करायला डिस्कवर लिहिते. ते थांबवायला नोलोड हा पर्याय द्यावा लागतो, आणि तो देऊनही वाचलेली माहिती शिळी असू शकते.

नारायण पेठ
‘फेन्सिंग’ याच संदर्भात येते ना? त्याला ‘कुंपण’ लिहिलेले पाहिले आहे.

हिंजवडी
कुंपण आधीपासून असते. फेन्सिंग ही ऐन वेळची क्रिया आहे: प्रतिसाद न देणाऱ्या सर्व्हरची वीज बंद करायची किंवा स्कझी-3 रिझर्व्हेशनने (डिस्कवरच्या आरक्षणाने) त्याचा लिहिण्याचा हक्क काढून घ्यायचा, म्हणजे तो भानावर येऊन जुन्या समजुतीने लिहिणार नाही. महापालिका नळजोड तोडते तसे ‘जोड तोडणे’ म्हणा.

बाणेर
नळावरून सुचले, ‘पूल’ला ‘हौद’ म्हणावे. पेशवाईत कात्रजच्या तलावाचे पाणी नळांतून शहरात आणले आणि पेठांमधल्या हौदांत सोडले. पाणी कुठून आले हे भरणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज नव्हती. इथेही सर्व्हरला कोणता ड्राइव्ह, कोणता खण हे कळत नाही, त्याला फक्त तोटी दिसते. शिवाय ‘हौद भरला’, ‘हौद आटला’ या क्रिया आयत्या मिळतात.

पण वरच्या निवाड्यात एक दुरुस्ती हवी. वाटणी फक्त जागेची झाली आहे, वेग अजून सामायिकच आहे. मिनिटाला 7200 फेऱ्यांचा एक ड्राइव्ह विस्कळीत वाचनात (इकडचे-तिकडचे तुकडे वाचताना) सेकंदाला साधारण 80 कामे करतो, म्हणजे 11 ड्राइव्हची मिळून 880. रेड-6 मध्ये एका लहान लेखनामागे ड्राइव्हवर 6 कामे होतात, त्यामुळे लेखने जेमतेम 145 च्या आसपास. कॅशे (तात्पुरती वेगवान मेमरी) काही काळ हे झाकते, ती भरली की खरा आकडा उघडा पडतो. एका सर्व्हरचा बॅकअप सुरू झाला की उरलेले 7 ताटकळतात, आणि प्रत्येकाच्या पडद्यावर मात्र ‘स्वतःच्या’ डिस्कवर काम थोडेच झालेले दिसते. प्रत्येक लनला वेगाची मर्यादा घातली तरच वेगाचीही वाटणी झाली असे म्हणता येईल. वाड्यात खोल्या वाटलेल्या आणि विहीर सामायिक, तसे हे आहे. पुस्तिकेत दोन्ही शब्द लागतील, पण वेगवेगळ्या वाक्यांत.

औंध
आणि ‘आभासी’? डिस्क आभासी म्हटली की ती खोटी, पुसली तरी चालेल, असे वाटत नाही का? मला ‘मानीव’ सुचतो आहे. सोसायट्यांच्या मानीव अभिहस्तांतरणामुळे तो शब्द पुण्यात घरोघरी पोचला आहे.

नारायण पेठ
अर्थाने ‘मानीव’ सरस आहे: जी डिस्क नाही, पण सर्व कामांसाठी डिस्क मानायची. पण त्यापासून क्रियावाचक शब्द करायला गेलात तर ‘मानीवीकरण’ होते, ते जिभेवर बसत नाही. ‘आभासी प्रतिमा’ शाळेच्या विज्ञानात सगळ्यांनी वाचली आहे, तिथूनच हा शब्द आला आणि रुजला. तोच ठेवा आणि पहिल्याच पानावर ठळक लिहा की डिस्क आभासी असली तरी तिच्यावरची माहिती खरी असते.

हिंजवडी
आता उरले थिन प्रोव्हिजनिंग, म्हणजे जागा आधी नुसती कबूल करून लागेल तशी देणे. 8 सर्व्हरना प्रत्येकी 6 म्हणजे 48 टेराबाइट दाखवले आणि हौदात 36 च असले तर ‘वाटून दिले’ हेही खोटे ठरते. तिथे ‘कबूल जागा’ आणि ‘भरलेली जागा’ असे दोन वेगळे रकाने करा. लिनक्सच्या एलव्हीएममध्ये (डिस्कची जागा विभागणाऱ्या सोयीत) थिन हौद किती भरला की आपोआप वाढवायचा ही मर्यादा मुळात 100 टक्के ठेवलेली असते, म्हणजे ती सोय बंदच असते. ती 70 ते 80 वर आणा, आणि वाढायला व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (ज्यातून हौद कापला त्या मोठ्या साठ्यात) मोकळी जागा ठेवा. हौद भरला तर लेखने मुळात 60 सेकंद अडवून धरली जातात, मग लिहिणाऱ्याला चूक झाल्याचा संदेश मिळू लागतो. फाइली पुसल्या म्हणून हौद रिकामा होत नाही, त्यासाठी सर्व्हरवर मोकळी जागा हौदाला कळवणारी एफएसट्रिम ही आज्ञा चालवावी लागते. मेटाडेटाचा (कोणता तुकडा कुठे आहे या नोंदींचा) हौद वेगळा असतो, त्याच्याकडेही लक्ष हवे.

औंध
मग वाक्य असे करते: ‘12 ड्राइव्हच्या हौदातून 8 सर्व्हरना प्रत्येकी 6 टेराबाइट जागा कबूल केली आहे, ड्राइव्हचा वेग मात्र सर्वांचा सामायिक आहे.’

बाणेर
‘कबूल केली आहे’ नंतर ‘प्रत्यक्षात 36 टेराबाइट’ हे त्याच वाक्यात घाला. खालच्या टिपेत टाकलेत तर हौद भरेपर्यंत ते कोणी वाचणार नाही.