आसियान, मर्कोसुर, आफ्रिकन युनियन: गटाशी मैत्री की नुसता गटाचा फोटो?

मशीदबंदर (धागाकर्ता)

परवा ऑफिसात चहावर वाद झाला, तोच इथे टाकतो. मी बावीस वर्षं खाद्यतेलाच्या दलालीत आहे. इंडोनेशिया, मलेशिया, अर्जेंटिना, ब्राझील ही नावं आमच्याकडे दिवसातून शंभरदा निघतात. आसियान (इंडोनेशिया, मलेशिया वगैरे आग्नेय आशियाई देशांचा गट) आणि मर्कोसुर (ब्राझील, अर्जेंटिना, उरुग्वे वगैरे दक्षिण अमेरिकी देशांचा गट) मात्र फक्त पेपरात वाचायची. माझं म्हणणं सरळ आहे. दूरदूरच्या देशांचे हे गट एकमेकांशी जे 'संबंध' ठेवतात, ते शिखर परिषद, सारखे शर्ट घालून काढलेला फोटो आणि लांबलचक निवेदन एवढ्यापुरतेच. काम पडतं तेव्हा एक राजधानी दुसऱ्या राजधानीशी बोलते.

जानेवारी 2020 आठवा. मलेशियाचे तेव्हाचे पंतप्रधान महाथीर काश्मीर आणि नागरिकत्व कायद्यावर बोलले होते. आपल्या सरकारने रिफाइंड पाम तेलाची आयात निर्बंधांच्या यादीत टाकली. कागदावर मलेशियाचं नाव नव्हतं, पण बाजाराला कळायचं ते कळलं. महाथीर म्हणाले, आम्ही लहान, उलट कारवाई करू शकत नाही. आणि आसियान? चिडीचूप. ऑर्डरी इंडोनेशियाकडे वळल्या, म्हणजे त्याच गटातल्या शेजाऱ्याकडे.

पुढे 28 एप्रिल 2022 ला इंडोनेशियाने घरचं तेल महागलं म्हणून पामची निर्यातच बंद केली. आमच्या ऑफिसखालच्या वडेवाल्याने भावाच्या पाटीवर कागद चिकटवला, आठवड्यात त्यावर दुसरा. 23 मेला बंदी उठली, कागद तसाच. आसियानशी आपला वस्तूंचा मुक्त व्यापार करार 2010 पासून आहे बरं का!

दिवा_लोकल

सहमत. तुरीचंही तेच. 2016 साली डाळ दोनशेला टेकायला आली तेव्हा करार केला मोझांबिकशी. 2021 मध्ये मलावी आणि म्यानमारशी. 2023 ला दिल्लीत आफ्रिकन युनियनला जी-20 मध्ये खुर्ची मिळवून दिली, छान झालं, मलाही अभिमान वाटला. पण 55 देशांच्या त्या संघटनेकडून तुरीचं एक पोतं तरी मागवता येतं का?

चाफा

असहमत, आणि तुमच्याच तेलाने उत्तर देते.

2020 चं सांगितलंत, त्याच्या एक वर्ष आधीचं राहिलं. जानेवारी 2019 मध्ये ब्रसेल्सला युरोपियन युनियन आणि आसियानचे परराष्ट्रमंत्री बसले होते. दोन गटांचं नातं 'व्यूहात्मक भागीदारी'च्या पायरीवर न्यायचं जवळजवळ ठरलं होतं. पण युरोप पामपासूनचं बायोडिझेल 2030 पर्यंत टप्प्याटप्प्याने आपल्या हरित इंधनाच्या हिशोबातून बाद करायच्या बेतात होता. जंगलतोडीचं कारण. इंडोनेशिया आणि मलेशिया अडून बसले. आसियानमध्ये सगळं एकमताने चालतं, त्यामुळे दोघांच्या तेलापायी दहाही देशांचं घोडं अडलं. भागीदारी जाहीर व्हायला डिसेंबर 2020 उजाडला.

म्हणजे तेच तेल, तेच दोन देश. भारतासमोर एकमेकांची गिऱ्हाइकं पळवतात, युरोपसमोर खांद्याला खांदा लावतात. का? कारण भारताचा राग एकट्या मलेशियावर होता आणि युरोपचा नियम दोघांनाही टोचत होता. गट कुणाच्या कामाला कधी येतो ते यावरून ठरतं. 'गट म्हणजे फोटो' एवढ्यावर उडवून लावू नका.

मशीदबंदर

ताई, ही अडवणूक झाली. ताकद कुठे दिसली?

चाफा

तुमच्या चाळीत पुनर्विकासाला सह्या न देणाऱ्या दोन भाडेकरूंना विचारा, अडवणूक आणि ताकद यात फरक किती ते.

निवृत्त_बाबू

दोघंही एक गोष्ट विसरताय. गट-गट म्हणताना सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. बाहेरच्या मालावर सगळ्या सदस्यांचं आयातशुल्क एकच आहे का, हे आधी विचारायचं. युरोपियन युनियनमध्ये ते एकच. मर्कोसुरमध्येही नियमाने एकच, अपवाद पुष्कळ असले तरी. आसियानमध्ये नाही, आफ्रिकन युनियनमध्येही नाही. म्हणून इंडोनेशिया किंवा मोझांबिकशी वेगळं बोलता येतं, ब्राझीलशी शुल्कावर वेगळं बोलता येत नाही. मर्कोसुरने 2000 सालीच ठरवून घेतलंय की बाहेरच्यांशी शुल्कसवलतीचे करार मिळून करायचे. उरुग्वेला चीनशी एकट्याने करार हवा होता, तर घरात केवढी धुसफूस झाली!

आपला मर्कोसुरशी करार आहे. सही जानेवारी 2004, अंमल जून 2009. आपण 450 वस्तूंवर सवलत दिली, त्यांनी 452 वर, आणि बहुतेक सवलती 10-20 टक्क्यांच्याच. करार म्हणायचा तर करार, नाहीतर चहाबरोबरचं बिस्किट.

युरोपचं पाहा. मर्कोसुरशी बोलणी 1999 ला सुरू, 2019 ला एकदा 'झालं' म्हणाले, डिसेंबर 2024 ला माँटेव्हिडिओत परत 'झालं' म्हणाले. फ्रान्सचे शेतकरी दरम्यान ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर, ब्राझीलचं स्वस्त बीफ नको म्हणून. पंचवीस वर्षं! फोटोसाठी कुणी एवढं भांडत नाही, मशीदबंदर.

दिवा_लोकल

मग मार्च 2024 मध्ये स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड आणि लिश्टेनस्टाइन यांच्या एफ्टाशी सही केली ती? तिथेही गटच आहे की. 15 वर्षांत 100 अब्ज डॉलर गुंतवणुकीचं आश्वासन घेतलं आपण.

निवृत्त_बाबू

एफ्टात शुल्क ज्याचं त्याचं, फक्त लिश्टेनस्टाइन स्वित्झर्लंडच्या शुल्कात. स्वित्झर्लंडचा 2014 पासून चीनशी स्वतंत्र करार आहे, नॉर्वे आणि आइसलंड त्यात नाहीत. ते चौघे सोयीसाठी एकत्र येतात, उरुग्वेसारखे बांधलेले नाहीत.

मशीदबंदर

बाबूसाहेब, शुल्काचं पटलं. एवढी वर्षं सोयाबीन तेल उतरवून घेतोय, पण अर्जेंटिनाशी शुल्कावर वेगळं बोलताच येत नाही हे डोक्यात आलं नव्हतं. चाफाताईंचं 2019 पण खरं, ते मी सोयीने गाळलं होतं.

पण धंद्याचं सांगू? मे 2025 ला आपण कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ शुल्क 20 वरून 10 टक्के केलं. आसियान, मर्कोसुर, युक्रेन, सगळ्यांना सारखं. कुठल्या गटाने मागितलं म्हणून नव्हे. इथे भाव चढले होते आणि रिफायनरीवाले मागे लागले होते म्हणून. माझ्या टेबलावर त्या दिवशी जेवढे फोन वाजले, तेवढे कुठल्याही शिखर परिषदेने वाजवले नाहीत.

चाफा

आपण घेणारे आहोत म्हणून असं वाटतं. विकणाऱ्याच्या जागी बसून बघा. केळं आणि साखर विकून जगणाऱ्या कॅरिबियन बेटांनी एकेकट्याने ब्रसेल्सचं दार ठोठावलं असतं तर कुणी उघडलं असतं? 1975 चा लोमे करार आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिकच्या 46 देशांनी मिळून केला म्हणून त्यांच्या मालाला युरोपात वाट मिळाली.

बाकी, शुल्क निम्मं झालं म्हणता. वडेवाल्याचा कागद निघाला का?

मशीदबंदर

नाही. पाटी नवीन रंगवून घेतली, त्याच भावाची.