फाटक लागतं की पडतं? रूळ ओलांडणाऱ्या सायकलवाल्यांसाठी काही शब्द

विचारणा

आमचा सायकलवाल्यांचा गट रविवारी सकाळी पुण्याबाहेर पडतो. गटात बरेच जण नवे आहेत, म्हणून रेल्वे फाटकाजवळ काय काळजी घ्यायची याचं एक पान मराठीतून लिहायला घेतलं, आणि शब्दांपाशीच अडले. 'लेव्हल क्रॉसिंग'साठी रेल्वेच्या कागदांत 'समपार' दिसतं, ते वापरावं का? रुळांकडेला पिवळ्या पाटीवर 'सी/फा' लिहिलेलं असतं, ते आपल्यासाठी असतं का? शिवाय सायकलींच्या शहरांत ज्या लहानसहान सोयी असतात, सिग्नलपाशी पाय टेकायची दांडी, जिन्यावरून सायकल चढवायची पट्टी वगैरे, त्यांना काय म्हणावं? जाणकारांनी सांगावं.

उत्तर

'समपार' नको, ताई. तो हिंदी राजभाषेतून आलेला शब्द आहे. रस्ता आणि रूळ एकाच पातळीवर भेटतात म्हणून 'सम', पलीकडे जायचं म्हणून 'पार'. घडण चुकीची नाही, पण मराठी माणसाला 'पार' म्हटलं की आधी वडाभोवतीचा दगडी ओटा दिसतो, आणि सायकलवरून जाताना पाटी वाचायला क्षणभरच मिळतो. आपल्याकडे 'फाटक' आहे. वाड्याचं फाटक, बागेचं फाटक, तसं रेल्वेचं फाटक. रस्ता विचारला तर कोणीही 'फाटक ओलांडलं की डावीकडे' असंच सांगेल.

या शब्दाची एकच मोठी अडचण होती, आणि ती जिवावर बेतणारी होती: 'मानवरहित फाटक'. कागदोपत्री ज्या जागेला हे नाव होतं तिथे बहुधा फाटकच नसायचं. दांडा नाही, साखळी नाही, गेटमन नाही. रस्ता सरळ रुळांवरून जायचा. नाव वाचणाऱ्याला मात्र वाटायचं की फाटक आहे, फक्त ते हलवायला माणूस नाही. ब्रॉडगेजवरच्या अशा सगळ्या जागा ३१ जानेवारी २०१९ पर्यंत संपवण्यात आल्या: काही बंद केल्या, काही ठिकाणी माणूस नेमला, काही ठिकाणी खालून किंवा वरून रस्ता काढला. तरी जुन्या लेखांत आणि नकाशांत हा शब्द भेटतो. तुमच्या पानावर 'बिनफाटकाचं क्रॉसिंग' लिहा. तिथे काय नाही ते वाचणाऱ्याला लगेच कळेल.

रस्त्याच्या बाजूचे फलक आजही दोन प्रकारचे आहेत. दोन्ही लाल काठाचे त्रिकोण. आत कुंपणासारख्या फाटकाचं चित्र असेल तर पुढे गेटमन आहे. वाफेच्या इंजिनाचं चित्र असेल तर नाही. त्रिकोणाखालचे तिरपे लाल पट्टे फार थोड्यांना वाचता येतात. दोन पट्टे म्हणजे फाटक २०० मीटरवर, एक पट्टा म्हणजे ५० ते १०० मीटरवर. हे तुमच्या पानावर यायलाच हवं, कारण गटातल्या पुढच्या माणसाने मागच्यांना कधी हाळी द्यायची ते यावरून ठरतं.

'सी/फा' ही पाटी इंजिन चालवणाऱ्या लोको पायलटसाठी असते. 'सी' म्हणजे हिंदीतली सीटी, 'फा' म्हणजे फाटक: पुढे फाटक आहे, शिट्टी वाजवा. इंग्रजीत तिथेच 'डब्ल्यू/एल' असतं, म्हणजे व्हिसल आणि लेव्हल क्रॉसिंग. आपण 'शिट्टी' म्हणतो, त्यामुळे 'सी'चा उलगडा मराठी वाचकाला पटकन होत नाही. पाटी आपल्यासाठी नसली तरी शिट्टी आपल्यासाठीच असते. ही पाटी सर्वसाधारणपणे फाटकाच्या ६०० मीटर अलीकडे असते, आणि ताशी ११० किलोमीटर वेगाची गाडी तेवढं अंतर जेमतेम २० सेकंदांत कापते. शिट्टी ऐकू आली की चर्चा नाही, जागच्या जागी थांबायचं.

शंका

आमच्याकडे मिरजेच्या बाजूला घरातली मोठी माणसं 'फाटक लागलं' म्हणायची. मुंबईच्या मित्रांकडून 'गेट पडलं' ऐकतो. बरोबर कुठलं?

उत्तर

दोन्ही, दादा. माझा तर्क असा की दोन्ही क्रियापदं दोन यंत्रांतून आली असावीत. पूर्वी फाटकं दारासारखी बिजागरीवर फिरायची, आणि दार 'लागतं'. नंतर वरून खाली येणारा दांडा आला, आणि दांडा 'पडतो'. त्रिकोणातल्या चित्रात अजून ते जुनं, कुंपणासारखं फाटकच आहे. ठाण्यापुढच्या दिवा स्टेशनाजवळच्या फाटकामुळे लोकल खोळंबल्याच्या बातम्या मुंबईकरांनी वर्षानुवर्षं वाचल्या आहेत, त्यामुळे तिकडे 'गेट पडलं' हे वाक्य उशिराचं कारण म्हणूनही पुरतं.

सूचनेत मात्र 'पडणं'च घ्या. 'फाटक पडू लागलं की थांबा' या वाक्यात वेळ आहे. दांडा खाली येत असतानाच थांबायचं आहे हे त्यातून कळतं. 'फाटक बंद असताना थांबा' असं लिहिलं तर दांडा अर्ध्यावर असताना वाकून निघणाऱ्याला मोकळीक मिळते. सायकलवाल्याला हा मोह सगळ्यांत जास्त, कारण सायकल आडवी करून दांड्याखालून काढता येते.

दांड्यासाठी आपल्याकडे खरं तर पुष्कळ शब्द होते. 'अडसर' म्हणजे दारामागे घालायचं आडवं लाकूड, 'आडकाठी' म्हणजे वाटेवर आडवी टाकलेली काठी, आणि कोकणात कुंपणाच्या वाटेवरचं 'बेडं'. यातले पहिले दोन आज लाक्षणिक अर्थानेच उरलेत. लग्नात आडकाठी येते, कामात अडसर येतो, दाराला कोणी अडसर घालत नाही. म्हणून 'अडसर' सूचनेत वापरू नका, वाचणारा दुसराच अर्थ घेईल. साधा 'दांडा' पुरे. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६० मध्ये फाटक, साखळी आणि अडथळा अशा तिन्ही गोष्टींचा उल्लेख आहे: रस्त्यासाठी बंद केलेलं यातलं काहीही परस्पर उघडलं तर ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा 'साखळीच तर होती' हे कारण चालत नाही.

अमेरिकेतून भर

इथे फाटकापाशी दोन पांढऱ्या पट्ट्या एकमेकींवर तिरप्या ठोकलेल्या असतात. युरोपात याला सेंट अँड्र्यूचा क्रूस म्हणतात. मुलांना मराठीतून सांगताना मी 'फुली' म्हणते आणि ते लगेच समजतात. त्या फुलीखाली छोट्या पाटीवर किती ट्रॅक आहेत तो आकडा असतो. हे मराठीत 'दोन रूळ' असं लिहायचं का?

उत्तर

'फुली' उत्तम. 'दोन रूळ' मात्र लिहू नका. एकाच गाडीच्या वाटेला दोन रूळ असतात, म्हणजे 'दोन रूळ' वाचून माणूस एकच वाट समजेल, तीही बरोबरच समजेल. आणि नेमका घात इथेच होतो. एक गाडी धडधडत निघून जाते, तिच्या आवाजात आणि आडोशात दुसऱ्या वाटेवरून उलट दिशेने येणारी गाडी कळतच नाही. छापील मराठीत 'लोहमार्ग' आहे, बोलण्यात 'लाईन' आहे. 'दोन लाइनी आहेत. एक गाडी गेली म्हणून निघू नका, दांडा पूर्ण वर गेल्यावरच निघा.' हे वाक्य गाडीची वेळ पाठ असलेल्या गावकऱ्यालाही लागू आहे.

रुळांचा विषय निघालाच आहे तर सायकलवाल्यांसाठी सगळ्यांत महत्त्वाचं सांगून टाकतो. रुळाच्या आतल्या बाजूला चाकाची कड जाण्यासाठी एक खाच ठेवावी लागते. गाडीच्या चाकाला ती हवीच, पण सायकलचा बारीक टायर तिच्यात सहज उतरतो. रस्ता रुळांना तिरपा छेदत असेल तर चाक खाचेत अडकतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. पावसात रुळाचं पोलाद ओलं असताना खाच चुकवली तरी टायर सरकतो. उपाय एकच: चाक रुळांना काटकोनात न्यायचं, त्यासाठी मागचं वाहन पाहून आधीच थोडं वळण घ्यायचं, आणि रुळांवर ब्रेक मारायचा नाही. अनेकांनी लिहिलेल्या सूचनांमध्ये 'रूळ सरळ ओलांडा' असं असतं. हा 'सरळ' घोळ करतो. रस्त्याच्या सरळ की रुळाच्या सरळ? तिरप्या रस्त्यावर सरळ जाणाराच पडतो. 'काटकोनात' हा शब्द शाळेपासून सगळ्यांच्या ओळखीचा आहे, तोच वापरा. खात्री वाटत नसेल तर 'उतरून, सायकल हातात धरून' असं लिहा.

विचारणा

हे सगळं पानावर घेते. सोयींच्या शब्दांबद्दलही सांगा ना.

उत्तर

कोपनहेगनमध्ये काही सिग्नलपाशी सायकलवाल्यांसाठी कठडा असतो. वरची दांडी हाताला, खालची पायाला. खोगिरावरून न उतरता थांबता येतं. खालच्या दांडीवर डॅनिशमध्ये लिहिलेलं असतं की इथे पाय टेका, आणि शहरात सायकल चालवता म्हणून आभार. माझ्या मते हिला 'पायटेकण' म्हणावं. 'पाय टेकणं' हा सायकलवाल्यांचा रोजचाच प्रयोग आहे, उंच सायकल घेताना पहिला प्रश्न 'पाय टेकतात का?' हाच असतो. 'पादाधार' वगैरे घडवू नका, ते व्यायामशाळेच्या सामानाचं नाव वाटतं.

जिन्याच्या कडेने सायकल ढकलत नेण्यासाठी जी खोलगट पट्टी असते, तिला 'पन्हळ' हा तयार शब्द आहे. पत्र्याच्या छपराचं पाणी वाहून नेणारी ती पन्हळ. डच लोकांनी तर 'सायकल' आणि 'पन्हळ' याच अर्थाचे दोन शब्द जोडून नाव केलं आहे. आपल्याकडे ही सोय फार तळमळीने मागावी अशी आहे. फाटक बंद करून पादचारी पूल बांधतात तेव्हा मोटारवाल्यांना वळसा घालून का होईना रस्ता असतो, पण दूधवाला, पेपरवाला, कारखान्यात पाळीला जाणारा कामगार यांना सायकल खांद्यावर घेऊन जिना चढावा लागतो. जिन्याच्या एका कडेला अरुंद पन्हळ ठेवायला वेगळी जागा लागत नाही. मागणीच्या अर्जात 'सायकलसाठी रॅम्प' लिहू नका, कारण रॅम्प म्हणजे उताराचा पूर्ण रस्ता, आणि त्याला जागा नाही हे उत्तर तयार असतं. 'जिन्याच्या कडेला सायकलची पन्हळ' असं लिहा, म्हणजे मागणी केवढी लहान आहे ते दिसेल.

अर्जात आणखी एका शब्दाला जपा: 'दुचाकी'. एके काळी दुचाकी म्हणजे सायकलच. आज 'दुचाकी' म्हणताच स्कूटर आणि मोटारसायकल समोर येते. त्यामुळे 'दुचाकींना प्रवेश बंद' या पाटीपाशी सायकलवाला घोटाळतो, आणि 'दुचाकींसाठी राखीव' जागेत स्कूटरी लागतात. मराठी पाटीवर 'सायकल' असं स्वच्छ लिहायला हवं. 'पायगाडी' हा जुना शब्द मला मनापासून आवडतो, पण पाटीवर तो आज कळणार नाही.

सायकल ट्रॅकच्या तोंडाशी जे ठोकळे लावतात त्यांना 'खुंट' म्हणावं. त्यांच्यात अंतर किती ठेवायचं हा शब्दांपलीकडचा प्रश्न आहे, पण स्कूटर अडावी म्हणून लावलेले खुंट जवळजवळ आले की मागे कॅरियरला पिशव्या बांधलेली सायकलही अडते.

शंका

आणि फाटकाऐवजी रुळांखालून जो रस्ता काढतात तो? आमच्याकडे कोणी बोगदा म्हणतं, कोणी मोरी.

उत्तर

बोगदा डोंगरातून जातो, रुळांखालची ती मोरीच. फलकावर 'भुयारी मार्ग' असतो, तोही चालेल. मात्र तुमच्या पानावर 'मोरी' ठेवा, कारण मोरी पाण्याची असते हे त्या शब्दातच आहे. पावसाळ्यात तिथे पाणी साचतं, आणि पाण्याखालचा खड्डा किंवा जाळी सायकलवरून दिसत नाही. तळ दिसत नसेल तर आत शिरू नका, मागे फिरा.