मदत हवी आहे : ११ वर्षांच्या स्थूल मुलाला ताकदीचे व्यायाम कसे शिकवावेत?

नमस्कार. माझा मुलगा ११ वर्षांचा असून त्याची उंची १४२ सेंमी आणि वजन ५६ किलो आहे. बालरोगतज्ज्ञांनी तपासण्या करून अन्य आजार नसल्याचे सांगितले आणि व्यायाम वाढवायला सांगितला. परंतु कोणता व किती, हे विचारायचे राहून गेले.

शाळेत मैदानाला फेऱ्या मारताना तो नेहमी सर्वांत मागे राहतो आणि आता तर खेळाच्या तासाच्या दिवशी सकाळपासूनच त्याचे पोट दुखू लागते. मात्र गेल्या महिन्यात लिफ्ट बंद असताना दळणाचा भरलेला डबा त्याने एकदाही खाली न ठेवता तिसऱ्या मजल्यावर आणला. त्याचा बारीक चणीचा आतेभाऊ दुसऱ्या मजल्यावरच थांबला होता. त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसले, ते मी कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते. म्हणूनच सुरुवात धावण्याऐवजी ताकदीच्या व्यायामाने करावी, असे मला मनापासून वाटते.

सासूबाईंना उंची खुंटण्याची भीती वाटते. माझ्या वाचनानुसार, जाणकाराच्या देखरेखीखाली योग्य पद्धतीने केलेल्या व्यायामाने उंची खुंटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांच्या हालचालींबरोबरच आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे व्यायाम सांगितले आहेत. या वयात ताकद वाढते ती मुख्यत्वे मज्जासंस्था स्नायूंना अधिक चांगले कामाला लावू लागते म्हणून. त्यामुळे दंड फुगलेले दिसत नाहीत आणि वजनाचा काटाही लगेच हलेल असे नाही, हे आम्ही त्याला आधीच सांगून ठेवले आहे.

सध्या एक दिवसाआड भिंतीला हात टेकून दहा जोर आणि खुर्चीवरून दहा उठाबशा, असे प्रत्येकी दोन वेळा करून घेते. अडचण अशी की, उठताना त्याचे दोन्ही गुडघे आत वळतात. दुखत नाही, लंगडतही नाही. दुखू लागल्यास किंवा तो लंगडू लागल्यास खुब्याचे हाड सरकल्याची शंका घेऊन त्वरित डॉक्टरांना दाखवावे लागते, याची मला कल्पना आहे.

गुडघे आत वळू नयेत म्हणून खुर्ची उंच घ्यावी, की मांड्यांभोवती रबरी पट्टा बांधावा? भिंतीवरून ओट्यावर आणि ओट्यावरून जमिनीवर जोर नेताना पुढची पायरी कधी गाठावी? लहान मुलांना शिकवणाऱ्या प्रशिक्षकांनी किंवा या वाटेने गेलेल्या पालकांनी कृपया सविस्तर लिहावे.