मध्य प्रदेशच्या सीएम हेल्पलाइनवरची (१८१) शिकायत बंद कोणी करायची, आपण की खात्याने?

रामबागवाली:
आमच्या गल्लीतलं चेंबर पावसाळ्यापासून उसळतंय, काळं पाणी पार ओट्याच्या पायरीला लागतं, सासूबाई विटा टाकून त्यावरून देवळात जातात. सीएम हेल्पलाइनला शिकायत टाकली तर आठव्या दिवशी खात्यातून फोन, मॅडम, वरून विचारतील तेव्हा संतुष्ट आहे म्हणा, सोमवारी काम करून देतो. मी विश्वास ठेवला. शिकायत बंद झाली, चेंबर तसंच. परत फोन केला तर नवा नंबर आणि पुन्हा एल-१ पासून, म्हणजे सगळ्यात खालच्या अधिकाऱ्यापासून सुरुवात! माझं म्हणणं, जागेवरचा फोटो टाकल्याशिवाय बंद करताच येऊ नये, आणि तीच शिकायत परत आली तर सरळ वरच्या अधिकाऱ्याकडे जावी.

लोकमान्यनगरचे काका:
ताई, त्रास खरा आहे पण फोटोने काही होणार नाही. मी सरकारी नोकरीत आयुष्य काढलंय. एल-१ ला बसलेल्या उपयंत्र्याकडे (ज्युनिअर इंजिनिअरकडे) ना पैसा ना मंजुरी, लाइन जुनी, वर घरांचे तीन-तीन मजले चढलेले, ती बदलायची तर इस्टिमेट, टेंडर सगळं आलं आणि त्याला मुदत दिवसांची. दर बैठकीत पेंडिंग किती एवढंच विचारतात, मग तो नंबर बंद करायच्याच मागे लागतो. त्याला ‘मंजुरीला पाठवलंय, अमुक तारखेपर्यंत होईल’ असं लिहायची सोय द्या, खोटं बोलायची वेळच येणार नाही. आणि शेजाऱ्यावर राग म्हणून शिकायती टाकणारेही मी पाहिलेत, त्यांच्या संतुष्टीची वाट किती दिवस बघायची?

सुदामानगर:
काका, तारखा देऊन काय होतं, तारीख उलटली की दुसरी. आपल्याच प्रदेशात २०१० ला लोकसेवा गॅरंटी कायदा आला, देशात पहिला. दाखला उशिरा दिला तर अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये दंड, ५००० पर्यंत. मुलाचा उत्पन्नाचा दाखला मला वेळेत मिळाला, एक चक्कर नाही. मग ड्रेनेजलाच दंड का नको?

लोकमान्यनगरचे काका:
कारण दाखला एका टेबलावर होतो हो. चेंबर तीन टेबलांवरून फिरतं आणि दंड मात्र सगळ्यात खालच्याच्या पगारातून कापला जाईल, ज्याच्या हातात काहीच नाही. फाइल ज्याच्याकडे अडली त्याच्यावर लावा, मग मी पण तुमच्या बाजूने.

रामबागवाली:
काका, तारखेचं पटलं मला, पण ती तारीख माझ्या मोबाइलवर आली पाहिजे आणि फाइल कोणाच्या टेबलावर आहे ते पण दिसलं पाहिजे, नुसती त्यांच्या कम्प्यूटरात नको. संतुष्ट की नाही हे मात्र मीच सांगणार, पाणी माझ्या दारात येतंय. शेजारच्यांच्या भांडणापायी आमचा हक्क का जावा? मंगळवारी कलेक्टर ऑफिसच्या जनसुनवाईत जातेय, तारखेसकट फोटो छापून घेतलेत, दोन्ही नंबर लिहिलेत. गल्लीतल्या अजून चार घरांच्या सह्या झाल्यात, काका तुम्ही अर्ज एकदा वाचून द्याल का?

लोकमान्यनगरचे काका:
पाठवा, रात्रीच बघतो. दोन्ही शिकायतींच्या तारखा अगदी वर लिहा, खाली कोणी वाचत नाही.